साठीनंतरचें श्रवण

शिक्षकाच्या धंद्यांत ज्यानें पस्तीस वर्षें घालविलीं त्याला बोलण्याची संवय कितपत जडते, हें आम्हांस विचारण्यापेक्षां आमच्या घरच्या मंडळींस विचारावें. वर्गांत पन्नास मुलें समोर बसून ऐकतात, निदान ऐकत असल्याचें दाखवितात. त्यामुळें आपण सांगावें आणि इतरांनीं ऐकावें अशी ईश्वरी योजनाच आहे असा समज हळूहळू दृढ होतो. घरीं आल्यावर पन्नासांच्या जागीं आठ असतात, इतकाच फरक. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पुढें कॉलेजचें तोंड पाहण्याचा योग आला नाहीं. पण पाठशाळेंत शास्त्रीबोवांच्या हाताखालीं चार वर्षें संस्कृत घोकलें, आणि त्या पुंजीवर मुलांकडून पाढे आणि सुभाषितें घोकून घेत आयुष्य काढलें. सेवानिवृत्त होऊन नऊ वर्षें झालीं. या अवधींत आम्हांस एक नवी विद्या शिकावी लागली, आणि तीहि आमच्याच मुलाच्या निमित्तानें. ती हकीकत वाचकांस सांगण्याजोगी वाटते, म्हणून हा खटाटोप.

आमचें घर मुलुंड पूर्वेस. वडिलांनीं घेतलेल्या दोन खोल्यांना धाकट्या बंधूंनीं पुढें शेजारच्या दोन खोल्या घेऊन जोडल्या, मधल्या भिंतींत दार पाडलें, आणि त्या चार खोल्यांत आतांआतांपर्यंत नऊ माणसें नांदत होतीं. नव्वदीच्या मातुःश्री, आम्ही उभयतां, बंधु व भावजय, चिरंजीव, सूनबाई आणि दोन नातवंडें.

चिरंजीव अंधेरीस संगणकाच्या एका कंपनींत नोकरीस. पूर्वीं मुलुंडहून अंधेरी गांठणें म्हणजे एक यात्राच होती. घाटकोपरपर्यंत लोकल आणि पुढें बसनें साकीनाक्याच्या गर्दींतून किती वेळ लागेल याचा नेम नाहीं. ८ जून २०१४ रोजीं घाटकोपर ते वर्सोवा अशी ११.४ किलोमीटरची मेट्रो सुरू झाली आणि घाटकोपर-अंधेरी हें अंतर पाव तासाचें झालें. मुलगा लवकर घरीं येऊं लागला. आतां बापलेकांच्या चार गोष्टी होतील असें आम्हांस वाटलें होतें. झालें निराळेंच. तो येई, जेवी, मुलांचा अभ्यास घेई, विजेचें बिल भरलें का, आजीचीं औषधें आणलीं का, इतकें विचारी आणि मोबाईलमध्यें डोकें घालून बसे. आम्ही बोलत असूं, तो 'हो बाबा' म्हणत असे. त्या 'हो बाबा'स आम्ही कित्येक वर्षें आज्ञाधारकपणा समजत होतों.

२०२३ च्या पावसाळ्यांतली गोष्ट. रात्रीं पानावर बसलों असतां सूनबाई सहज म्हणाल्या, "बाबा, ह्यांना ऑफिसनें कोच दिला आहे."

आम्हांस कोच म्हणजे आगगाडीचा डबा एवढेंच ठाऊक. क्षणभर वाटलें कीं कंपनीनें जाण्यायेण्याची कांहीं सोय केली असावी. मागाहून कळलें कीं आमचा तर्क अगदींच वांया गेला नव्हता. हंगेरी देशांत कोच नांवाचें एक गांव आहे. तेथें चांगल्या घोडागाड्या बनत. गांवावरून गाडीस तें नांव पडलें आणि युरोपांतल्या बहुतेक भाषांत शिरलें. पुढें १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डचे विद्यार्थी परीक्षेंतून पार नेणाऱ्या खाजगी शिक्षकास थट्टेनें कोच म्हणूं लागले. तेथून तो शब्द खेळाच्या मैदानावर गेला आणि मैदानावरून आतां कचेरींत आला आहे.

"म्हणजे शिकवणीच कीं! सदतीस वर्षांच्या, दोन मुलांच्या बापास शिकवणी?"

"शिकवणी नाहीं बाबा," चिरंजीव म्हणाले. "बोरिवलीच्या एक बाई आहेत. पंधरा दिवसांतून एकदां तासभर भेटतात. त्या कांहीं शिकवीत नाहींत. विचारतात आणि ऐकतात."

"आणि सांगतात काय?"

"कांहीं नाहीं."

"मग पैसे कशाचे घेतात?"

त्यावर तो हंसला. त्या बाईंची एका तासाची बिदागी सूनबाईंनीं सांगितली ती ऐकून आमचा घास हातांतच राहिला. शिक्षक म्हणून आमच्या पहिल्या वर्षाच्या सबंध पगाराहून ती अधिक होती. त्या रात्रीं आम्हीं पुष्कळ बोलून घेतलें. ज्यास सांगावयाचें कांहीं नाहीं त्यानें मान हलवावी आणि पैसे मोजून घ्यावे, असा हा धंदा असून आमच्या आजोबांच्या वेळीं हें काम ओसरीवर फुकट होत असे, इत्यादि. चिरंजीव "हो बाबा" म्हणाले.

तथापि शिक्षकाची एक खोड चांगली असते. ज्याची निंदा करावयाची त्याची निदान माहिती करून घ्यावी असें त्याला वाटतें. आम्हीं नातवाकडून मोबाईलवर शोधून घेतलें, सूनबाईंनीं एकदोन पुस्तकें आणून दिलीं. कॅलिफोर्नियांत टिमथी गॅलवे नांवाचे टेनिसचे एक शिक्षक होते. त्यांच्या ध्यानांत असें आलें कीं आपण हात असा धर, कोपर तसें ठेव, असें जितकें अधिक सांगतों तितका शिकणारा अधिक गोंधळतो. त्यांनीं सूचना देणें कमी केलें. चेंडू जमिनीवर आपटला म्हणजे एक शब्द उच्चारावा आणि बॅटीस लागला म्हणजे दुसरा, एवढेंच काम त्यांनीं शिष्यास दिलें. त्या नादांत शिष्याची नजर चेंडूवर ठरे आणि हात आपोआप सुधारे. या अनुभवावर त्यांनीं १९७४ सालीं पुस्तक लिहिलें. इंग्लंडांत जॉन व्हिटमोर नांवाच्या गृहस्थांनीं, जे तरुणपणीं मोटारींच्या शर्यतींत भाग घेत, तीच रीत कचेरीच्या कामास लावून १९९२ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांची प्रश्नमाला चार पायऱ्यांची आहे: तुम्हांस काय साधावयाचें आहे, आज परिस्थिति कशी आहे, कोणते मार्ग संभवतात, आणि त्यांपैकीं तुम्ही काय करणार. हे चार प्रश्न विचारण्यास एवढी बिदागी कशाला, ही आमची शंका तोंपर्यंत कायम होती. शिवाय आपल्या देशांत या धंद्यास कायद्याचा परवाना लागत नाहीं. अमेरिकेंत १९९५ सालीं स्थापन झालेली एक आंतरराष्ट्रीय संस्था शिक्षण घेतलेल्यांस प्रमाणपत्र देते आणि नीतिनियम घालून देते. पण प्रमाणपत्रावांचून पाटी लावणाऱ्यास कोणी अडवीत नाहीं. तेव्हां सावधपणें पाहावें हें आमचें मत आजहि आहे.

चौथ्या कीं पांचव्या भेटीनंतरचा रविवार. आम्ही चहा घेत होतों. चिरंजीव समोर येऊन बसले आणि कपाकडे पाहत म्हणाले, "बाबा, त्या बाईंनीं परवां एक विचारलें. मी त्यांना सांगत होतों कीं पुण्याच्या शाखेंत मला वरची जागा दोनदां देऊं केली आणि दोन्ही वेळां मीं नाहीं म्हटलें. त्यांनीं विचारलें, हें घरीं कोणाला सांगितलें आहे का? मीं म्हटलें, कोणालाच नाहीं."

वाचकहो, या ठिकाणीं शहाण्या बापानें काय करावें? आम्हीं काय केलें तें सांगतों. पुण्याची हवा आतां पूर्वींची राहिली नाहीं येथून आरंभ केला. तेथील रहदारी, मातुःश्रींचें वय, एकत्र राहण्याचे फायदे, पहिल्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांतला मुलगा बंगलोरास गेल्यापासून त्याच्या आईबापांची झालेली दशा, असें करीत करीत पाव तासानें थांबलों. तो "हो बाबा" म्हणाला आणि भाजी आणावयास म्हणून उठून गेला. पिशवी खुंटीवरच राहिली.

आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारांत उभ्या होत्या. म्हणाल्या, "अहो, तो सांगत होता."

"मग आम्हीं काय केलें?"

"तुम्हीं उत्तर दिलेंत. त्यानें कांहीं विचारलेंच नव्हतें."

हें वाक्य आमच्या डोक्यांतून जाईना. पहिल्या मजल्यावरच्या त्या मुलाविषयीं, ठाण्याच्या साडूंच्या मुलाविषयीं, जो जो घर सोडून गेला त्याच्या त्याच्याविषयीं आम्ही जेवतांना जें बोलत आलों तें सर्व आमचा मुलगा वर्षानुवर्षें मुकाट्यानें ऐकत होता. त्याला आम्हांस विचारण्याची गरजच नव्हती. प्रश्न निघण्यापूर्वींच आमचें उत्तर त्याच्यापाशीं पोंचलेलें होतें. त्यानें दोनदां मोठी जागा सोडली, आणि आम्हांस वाटत होतें कीं आमचें घर सुखाचें आहे.

त्याच रात्रीं आणखी एक आठवण वर आली. आम्ही नोकरीस लागलों त्याच्या दुसऱ्या वर्षीं, म्हणजे १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. आमच्या वर्गांत एक मुलगा होता, वडील परळकडे गिरणींत. संपाला सात-आठ महिने लोटले असतील. तो मुलगा तीन दिवस शाळा सुटल्यावर आमच्या टेबलाशीं येऊन उभा राहिला. "सर, एक…" इतकें म्हणे. पहिल्या दिवशीं आम्हीं त्याला हस्ताक्षर सुधारण्याविषयीं सांगितलें. दुसऱ्या दिवशीं वेळेचें महत्त्व सांगितलें. तिसऱ्या दिवशीं काय सांगितलें तें आठवत नाहीं. चौथ्या दिवसापासून तो शाळेंत आला नाहीं. सर्व मंडळी गांवीं गेली असें शेजारच्या मुलानें सांगितलें. त्याचें नांव आम्हांस आजहि पाठ आहे, येथें देत नाहीं. तो काय विचारणार होता हें आतां कधींच कळणार नाहीं.

असो. आम्हीं ठरविलें कीं ऐकावयास शिकावयाचें. ऐकण्यास काय शिकावें लागतें असें ज्यांस वाटतें त्यांनीं एकदां करून पाहावें. प्रश्न विचारण्याची कला तरी आपणांस येतेच, ही आमची घमेंड पहिल्या आठवड्यांतच उतरली. शिक्षकाचा प्रश्न म्हणजे ज्याचें उत्तर विचारणाऱ्यास आधींच ठाऊक आहे असा प्रश्न. पंजाबांतल्या नद्या किती, हें आम्हीं हजारदां विचारलें असेल, पण आपणांस कळावें म्हणून एकदांहि विचारलें नाहीं. घरांतहि आमचे प्रश्न त्याच जातीचे निघूं लागले. "तुला असें नाहीं का वाटत कीं आजीला या वयांत सोडून जाणें बरें नव्हे?" हा प्रश्न कसला, हें प्रश्नचिन्ह लावलेलें व्याख्यान. "कां?" असें विचारावें तर मुलगा आरोपीसारखा कारणें देऊं लागे. सूनबाई हंसून म्हणाल्या कीं त्या बोरिवलीच्या बाई 'कां' हा शब्द फार जपून वापरतात. 'कां' विचारलें कीं माणूस बचाव करतो, 'काय' विचारलें कीं तो सांगूं लागतो. ही खूण आम्हांस व्याकरणांत कोणीं सांगितली नव्हती.

आमच्या न्यायशास्त्रांत मात्र याचें मूळ सांपडतें. तेथें संभाषणाचे तीन प्रकार केले आहेत. तत्त्व कळावें म्हणून दोघांनीं मिळून करावयाचा तो वाद. जिंकावें म्हणून करावयाचा तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडतां समोरच्याचें नुसतें खोडून काढणें ती वितंडा. मराठींत वाद शब्दाचा अर्थ भांडण होऊन बसला यावरूनच आपल्या घरांतल्या संभाषणांची परीक्षा करावी. आमच्या चार खोल्यांत जल्प आणि वितंडा यांखेरीज तिसरा प्रकार गेल्या तीस वर्षांत क्वचितच झाला असेल.

शब्दांवरून शब्द निघाला म्हणून आणखी एक सांगतों. शुश्रूषा म्हणजे आजाऱ्याची सेवा, असें आपण समजतों. पण धातु 'श्रु', ऐकणें. शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत प्रज्ञेचे गुण मोजले आहेत त्यांत पहिली शुश्रूषा आणि दुसरें श्रवण. म्हणजे कानावर पडण्यापूर्वीं ऐकावेंसें वाटणें हें निराळें आणि अगोदरचें. ज्याला ऐकण्याची इच्छा असते तोच सेवा करूं शकतो, असें पाहून भाषेनें त्या शब्दास सेवेचा अर्थ दिला असावा, असा आमचा तर्क आहे. जाणत्यांनीं चुकल्यास दुरुस्त करावें.

आणि भृगूची कथा तर आम्ही पाठशाळेंत पाठ म्हणत आलों, तिचा अर्थ आम्हांस पासष्टाव्या वर्षीं कळला. तैत्तिरीय उपनिषदांत भृगु आपल्या वडिलांकडे, वरुणाकडे, जातो आणि ब्रह्म शिकवा म्हणतो. वरुण त्यास एक लक्षण सांगतो आणि तप करून तूंच शोध म्हणतो. भृगु तप करून ठरवितो कीं अन्न हेंच ब्रह्म, आणि परत येतो. वडील त्यास चूक म्हणत नाहींत आणि शाबासहि म्हणत नाहींत. पुन्हा तप कर, इतकेंच म्हणतात. मग तो प्राण म्हणतो, मग मन, मग विज्ञान. दर वेळीं तेंच. पांचव्यांदा त्याला आनंद सांपडतो, आणि त्यानंतर तो विचारावयास परत आल्याचें उपनिषद सांगत नाहीं. वरुणास उत्तर पहिल्याच दिवशीं ठाऊक होतें. आमच्यासारखा बाप असता तर त्यानें तें पाव तासांत सांगून टाकलें असतें आणि भृगु "हो बाबा" म्हणून भाजी आणावयास गेला असता. भगवद्गीतेंतहि हेंच. पहिल्या अध्यायांत अर्जुन इतका वेळ बोलतो, पण सबंध अध्यायांत भगवंतांच्या तोंडीं एकच लहानसें वाक्य आहे. त्याचें सर्व बोलून होऊं दिल्यावर मगच उपदेश. आणि अठराव्या अध्यायांत, याचा पूर्ण विचार करून तुला वाटेल तसें कर, असें सांगून मोकळे होतात.

ग्रंथांत इतकें सांपडलें तरी आचार्य मात्र घरांतच होत्या, हें कबूल केलें पाहिजे. आम्ही सौभाग्यवतींकडे नीट पाहूं लागलों. त्या मेथी निवडीत बसल्या कीं घरांतलें जो तो त्यांच्याजवळ जाऊन बसतो: भावजय, नात, खालच्या मजल्यावरच्या बाई. त्या फारसें बोलतच नाहींत. "मग?" इतकें म्हणतात. समोरचा थांबला तर त्याहि थांबतात, दोन जुड्या निवडून होतात, आणि मग पुन्हा, "मग?" मान मेथीवर असल्यामुळें बोलणाऱ्यास कोणी रोखून पाहत आहे असें वाटत नाहीं. आमच्या लग्नास चाळीस वर्षें होऊन गेलीं. या काळांत आम्हीं त्यांना काय विचारलें असेल तर चष्मा कोठें ठेवला.

या सुमारास आमच्या एका जुन्या सहाध्यायांनीं कि. मो. फडके यांचें लेखन वाचावयास दिलें. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनीं १९५५ सालीं विवेकावर आधारलेली एक उपचारपद्धति सुरू केली, आणि आमच्या मुंबईच्या फडक्यांनीं त्यांच्याशीं दीर्घकाळ पत्रव्यवहार करून ती महाराष्ट्रांत रुजविली, हें पुष्कळांस ठाऊक असेल. हा प्रांत उपचाराचा आहे, कोचचा नव्हे, तरी हत्यार तेंच, प्रश्न. माणसास दुःख परिस्थितीपेक्षां त्या परिस्थितीविषयींच्या त्याच्या हट्टी समजुतीमुळें अधिक होतें, असें एलिस म्हणतात. 'मला आवडेल' या जागीं आपण 'असें झालेंच पाहिजे' म्हणतों, तेथें गांठ बसते; आणि ती गांठ, हें कशावरून, तसें न झालें तर काय होईल, असें विचारीत विचारीत सोडवावयाची. आम्हीं हा प्रयोग रात्रीं अंथरुणावर स्वतःवर केला. मुलगा जवळ असावा, हें आम्हांस आवडतें. मुलगा जवळ असलाच पाहिजे, हें कशावरून? आमचे वडील स्वतः रत्नागिरीकडून घर सोडून मुंबईस आले, तेव्हां त्यांच्या वडिलांस कोणीं विचारलें होतें? झोंप बऱ्याच उशिरां लागली.

फेब्रुवारी २०२४. अंधेरीस राहणाऱ्या आमच्या थोरल्या भगिनी पडून त्यांच्या खुब्याचें हाड मोडलें होतें. शनिवारीं त्यांना पाहावयास चिरंजीव आणि आम्ही निघालों. घाटकोपरास मेट्रोंत बसावयास जागा मिळाली. गाडी सुटली तसा तो खिडकीकडे पाहत म्हणाला, "बाबा, पुण्याची जागा तिसऱ्यांदा आली आहे."

आमच्या जिभेवर पुण्याची हवा तयार होती. आम्हीं मनाशीं ठरविलें कीं जागृतिनगर येईपर्यंत तोंड उघडावयाचें नाहीं. जागृतिनगर आलें. तो बोलत होता. असल्फ्यापर्यंत थांबूं म्हटलें. टेकडीवरचीं तीं रंगविलेलीं घरें खिडकींतून मागें गेलीं. एरव्हीं त्यांवरहि आम्ही कांहीं बोललों असतों. साकीनाक्याला तो म्हणाला, "मला जावयाचें आहे. पण…" आणि गप्प झाला. मरोळनाका येऊन गेलें तरी तो गप्पच. तेवढा वेळ गप्प बसणें आम्हांस जन्मांत जमलें नव्हतें. शेवटीं आम्हीं म्हटलें, "मग?"

"मी गेलों तर तुम्ही माझ्याशीं बोलणार नाहीं, अशी भीति वाटते."

आमच्यासारख्या अखंड बोलणाऱ्या माणसाच्या अबोल्याची भीति! हंसूं येण्याजोगी गोष्ट होती, पण आम्हांस हंसूं आलें नाहीं. एअरपोर्ट रोडला आम्हीं विचारलें, "तूं गेलास तर येथलें काय काय अडेल असें तुला वाटतें?" या प्रश्नाचें उत्तर आम्हांस खरोखरीच ठाऊक नव्हतें. त्यानें मोबाईल काढून एक यादी दाखविली. आजीचीं औषधें महिन्याच्या कोणत्या तारखेस संपतात, सोसायटीच्या पुनर्विकासाचे कागद कोठें आहेत, काकांच्या साखरेची तपासणी, आईच्या गुडघ्यांचे डॉक्टर, गॅसची नोंदणी कोणाच्या नांवें. एकवीस कलमें होतीं. हीं सर्व कामें या घरांत कोण करतो, याचा आम्हीं कधीं विचार केला नव्हता. तीं होत असत एवढेंच आम्हांस माहीत.

चकाला गेलें, हायवेचें स्टेशन गेलें. अंधेरीस उतरतांना त्यानें विचारलें, "तुम्हांला काय वाटतें?"

या लेखांत आम्ही आम्हांस आम्ही म्हणत आहों, तो छापील पानाचा शिष्टाचार. त्या वेळीं तोंडून "मला" असेंच निघालें. "मला वाईट वाटेल," आम्हीं म्हटलें. "बोलेन मात्र." गर्दींत जिना उतरतांना त्यानें आमचा दंड धरला होता, तो रस्त्यावर येईपर्यंत सोडला नाहीं.

जूनमध्यें मुलांच्या शाळा सुरू होण्यापूर्वीं तीं सर्व पुण्यास गेलीं. येथें कोणी असें समजूं नये कीं ऐकलें म्हणजे आपल्या मनासारखें होतें. आमचे बंधु आजहि म्हणतात, "दादा, तूं नाहीं म्हटलें असतेंस तर तो थांबला असता." थांबला असता हें अगदीं खरें. दोन खोल्यांत संध्याकाळीं दिवा लावावयास कोणी लागत नाहीं. मातुःश्री रोज पणतवंडें शाळेंतून आलीं का विचारतात. आणि सूनबाईंचें काम घरीं बसून संगणकावर चालणारें, म्हणून त्यांचें कांहीं अडणार नाहीं असें सगळ्यांनीं परस्पर धरून चाललें होतें. त्यांस त्याबद्दल कोणीं विचारलेंच नाहीं, हें आमच्या ध्यानांत सामानाचा टेंपो गेल्यावर आलें. पुढच्या भेटींत विचारलें. त्यांनीं बरेंच सांगितलें. तें येथें लिहिण्यासारखें नाहीं.

बंधूंवर आमची नवी विद्या चालत नाहीं. एकदां "मग?" म्हटलें तर ते म्हणाले, "मग काय मग? तूं सांग कीं." सोसायटीच्या सभेंत तर ती वापरण्याचा विचारहि कोणीं करूं नये. दुसरी एक मर्यादा अधिक गंभीर आहे. एखाद्याची झोंप व भूक आठवडेच्या आठवडे उडाली असेल, जगणें नकोसें झालें आहे असें तो म्हणत असेल, तर तेथें घरच्या माणसानें ऐकावें जरूर, पण तेवढ्यावर थांबूं नये आणि कोचकडेहि धाडूं नये. तें काम वैद्याचें. आमच्या मुलुंडचा नाका ओलांडला कीं ठाण्यास डॉ. आनंद नाडकर्णी यांनीं १९९० सालीं स्थापन केलेली मानसिक आरोग्याची संस्था आहे; आणि २०२२ पासून सरकारनें १४४१६ या क्रमांकावर टेलिफोनची विनामूल्य सोय केली आहे. आमच्या तरुणपणीं यांतलें कांहींच नव्हतें, आणि असतें तरी आम्हीं आधीं व्याख्यानच दिलें असतें.

चिरंजीव दर रविवारीं सकाळीं टेलिफोन करतात. पहिले कांहीं महिने आम्ही विचारीत असूं आणि ते सांगत: नवीन काम, हाताखालचीं माणसें, धाकट्याचें दुखणें. गेल्या महिन्यांतल्या एका रविवारीं त्यांचें बोलून झालें आणि ते म्हणाले, "आतां तुमचें सांगा, बाबा. कसें चाललें आहे?"

"ठीक," आम्हीं म्हटलें.

पलीकडे शांतता. फोन तुटला कीं काय असें वाटलें, पण पाठीमागें नातवाचा आवाज ऐकूं येत होता. ती शांतता आमच्या ओळखीची होती. साकीनाका ते एअरपोर्ट रोड, एवढ्या लांबीची.

"मग?" मुलगा म्हणाला.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदु पिकत आला आहे, हें डॉक्टरांनीं दिवाळींतच सांगितलें होतें. घरांत आम्हीं कोणाजवळ बोललों नव्हतों. वाचनाचा चष्मा बदलावयाचा आहे एवढेंच सौभाग्यवतींस सांगून ठेवलें होतें. आम्हीं सांगावयास आरंभ केला. उजव्या डोळ्याचें सांगून झालें तेव्हां घड्याळांत अर्धा तास झाला होता, आणि डाव्याचें अजून राहिलें होतें.